अतिहलक्या ग्लायडरांचे नियम आणि दोराचा प्रश्न: हवाई क्रीडा महासंघास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
एअर स्पोर्ट्स फेडरेशन ऑफ इंडिया, नवी दिल्ली.

विषय: एकआसनी, अतिहलक्या ग्लायडरांसाठी वेगळा वर्ग करणे आणि त्यांच्या विंच-लाँचसाठी (इंजिनावर फिरणाऱ्या रिळाने दोर ओढून ग्लायडर हवेत चढवण्यासाठी) विदर्भात एक जागा निश्चित करणे.

महोदय,

मी नागपूरचा रहिवासी असून निवृत्त यंत्र अभियंता आहे. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या हवाई शाखेत मी ग्लायडर उडवायला शिकलो, आणि विंचचा दोर ताणला गेला की पाठ आसनात रुतते तो क्षण अजून विसरलेलो नाही. नोकरीच्या काळात हा छंद बाजूला पडला. आता आम्ही पाच जण मिळून एका माणसाचे, बिनइंजिनाचे आणि रिकामे वजन 70 किलोच्या आत राहील असे ग्लायडर बांधत आहोत. आराखडे हाती आहेत, लाकूड आणि कार्बन फायबर जमवून झाले आहे, डाव्या पंखाचा स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य कणा, तयार होऊन माझ्या गच्चीवरच्या शेडमध्ये आडवा पडला आहे. ते उडवायचे कोणत्या नियमाखाली आणि हवेत न्यायचे कशाने, एवढे दोन प्रश्न मात्र सुटलेले नाहीत. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवायला हवे, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

गेल्या वर्षी मी एका सरकारी कार्यालयात याच चौकशीसाठी गेलो होतो. तेथील अधिकारी सौजन्याने वागले, त्यांनी चहाही दिला. इंजिन किती अश्वशक्तीचे, असा त्यांचा पहिला प्रश्न होता. इंजिन नाही म्हटल्यावर त्यांनी पॅराग्लायडर आहे का, असे विचारले. नाही, याला पंख, शेपूट आणि चाक आहे, असे सांगितल्यावर त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "मग आमच्याकडे याचा फॉर्मच नाही." माझी तक्रार त्या गृहस्थांबद्दल नाही, त्यांनी खरे तेच सांगितले. 1937 च्या विमान नियमांत ग्लायडर हे विमानच असल्यामुळे नोंदणी आणि वायुयोग्यतेची सगळी चौकट त्याला लागू होते, आणि ती चौकट 360 किलो रिकाम्या वजनाच्या दोनआसनी प्रशिक्षण ग्लायडरला जशी बसते तशी 70 किलोच्या ग्लायडरला बसत नाही. 1934 च्या विमान कायद्यातील व्याख्या पाहिली तर फुगे, हवाई जहाजे आणि ग्लायडर यांच्या पंगतीला पतंगही बसवलेला दिसतो. संक्रांतीच्या दिवशी नागपूरच्या गच्च्यांवरून जे काही उडते त्याची कायद्याच्या अक्षरानुसार नोंदणी करायची म्हटली, तर अख्खे विमान वाहतूक महासंचालनालय महाल आणि इतवारी या आमच्या जुन्या वस्त्यांत मुक्कामाला आणावे लागेल. तसे कोणी करत नाही, कारण वजन आणि धोका यांचा मेळ घालूनच कायदा वापरायचा असतो, हे शहाणपण व्यवहारात पूर्वीपासून आहे. ते आता कागदावर यावे, एवढेच मागणे आहे.

आणि कागदावर येणे अशक्य नाही, हे याच देशाने दाखवले आहे. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांपासून 500 किलोपर्यंतच्या यंत्रांचे वजनानुसार पाच वर्ग केले गेले, हिरवे, पिवळे आणि लाल असे आकाशाचे नकाशे प्रसिद्ध झाले, आणि कोणत्या वर्गाला काय लागेल हे सामान्य माणसाला वाचून कळू लागले. 1934 चा कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. विमानातील रेडिओ वापरण्याचा परवाना दूरसंचार खात्याकडून विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणण्याची सोय त्या अधिनियमाने केली, आणि एका परवान्यासाठी दोन दारे ठोठावण्याचा जुना त्रास मिटण्याचा मार्ग मोकळा झाला. 2022 च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात तर ग्लायडिंग, हँग ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग, अल्ट्रालाइट आणि हौसेने घरी बांधलेली विमाने हे सगळे प्रकार नावानिशी आले आहेत. आमचे यंत्र मात्र या खोल्यांच्या मधल्या भिंतीत सापडले आहे. ते ग्लायडर आहे, वजनाने हँग ग्लायडरचे शेजारी आहे, आणि घरी बांधलेले तर आहेच.

इतर देशांनी ही भिंत कशी पाडली ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेने 1982 मध्ये आपल्या विमान नियमांच्या भाग 103 मध्ये अशी तरतूद केली की, एकाच माणसाचे, बिनइंजिनाचे आणि 155 पौंडांहून, म्हणजे सुमारे 70 किलोंहून, कमी रिकाम्या वजनाचे यंत्र असेल तर त्याला नोंदणी नको, वायुयोग्यता प्रमाणपत्र नको आणि चालकाला परवानाही नको. अटी वापरावर घातल्या: उड्डाण दिवसाउजेडी करायचे, दाट वस्तीवरून जायचे नाही, नियंत्रित आकाशात परवानगीशिवाय शिरायचे नाही. इंजिन असेल तर हीच मर्यादा 254 पौंडांवर, म्हणजे 115 किलोंवर जाते, आणि सुरक्षा पॅराशूटचे वजन त्यात धरत नाहीत. जर्मनीने 120 किलोपर्यंतच्या एकआसनी यंत्रांसाठी असाच सैल वर्ग केला. ब्रिटनने 2007 मध्ये 115 किलो रिकाम्या वजनापर्यंत मोकळीक दिली आणि 2014 मध्ये एकूण 300 किलो उड्डाण-वजनाच्या एकआसनी मायक्रोलाइटपर्यंत ती वाढवली. अमेरिकेची तरतूद जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. चालकाला कसलेच प्रशिक्षण सक्तीचे नसावे, हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे येईलच.

वजनाला इतके महत्त्व का द्यायचे, हे आकड्यांतच पाहिलेले बरे. क्लबांत वापरले जाणारे दोनआसनी ग्लायडर माणसांसह 600 किलोपर्यंत भरते आणि साधारण ताशी 90 किलोमीटर वेगाने फिरते. आमचे यंत्र चालकासह 150 किलो भरेल आणि ताशी 45 किलोमीटर वेगाने घिरट्या घालेल. वजन चौथाई आणि वेग निम्मा, म्हणजे गतिज ऊर्जा सोळाव्या हिश्श्यावर येते. वर्धा रोडवरून त्याच वेगाने जाणाऱ्या, दोन माणसे बसलेल्या स्कूटरची ऊर्जा याहून जास्त असते. दुसरा फायदा उडणाऱ्याचा आहे. 30 अंश कलून वळताना 90 च्या वेगाला सुमारे 110 मीटर त्रिज्येचे वर्तुळ लागते, तर 45 च्या वेगाला 28 मीटर पुरतात. ज्या अरुंद थर्मलमध्ये, म्हणजे तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या झोतात, मोठे ग्लायडर मावतच नाही, तिथे हे यंत्र घारीच्या मागोमाग वर चढू शकते. अमेरिकेतील कार्बन ड्रॅगन किंवा स्वित्झर्लंडचे आर्किऑप्टेरिक्स ही ग्लायडरे याच गुणामुळे नावाजली गेली.

मात्र हा हलकेपणा हवेत जितका उपकारक असतो तितकाच दोराला बांधलेला असताना अवघड ठरतो. ग्लायडर एकदा 300 मीटरवर मोकळे झाले की चालकाकडे उंची आणि वेळ दोन्ही असतात. जमिनीवरून 300 मीटरपर्यंत नेणाऱ्या अर्ध्या-पाऊण मिनिटात त्याच्याकडे यांपैकी काहीही नसते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की, या वर्गाचे नियम लिहिताना सांगाड्याच्या कागदपत्रांवर सैल राहावे आणि लाँचवर कडक व्हावे.

विंचविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नागपूरसारख्या सपाट प्रदेशात तोच आमचा खरा मार्ग आहे. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये ज्यांनी लाँच पाहिले असेल त्यांना दृश्य ओळखीचे असेल: मैदानाच्या एका टोकाला इंजिनावर फिरणारा रीळ, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, मध्ये हजारभर मीटर दोर. पतंगाला ढील देण्याऐवजी मांजा झपाट्याने ओढला तर तो जसा उभा चढतो, तसेच ग्लायडर चढते आणि दोराच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा थोडी जास्त उंची गाठून दोर सोडते. आता जो विंच 600 किलो उचलण्यासाठी बांधला आहे त्याला 150 किलोचे यंत्र अडकवले आणि चालवणाऱ्याने नेहमीच्या सवयीने थ्रॉटल दिला, तर ग्लायडर दोन सेकंदांत जमीन सोडते आणि वेग पुरेसा होण्याआधीच नाक आकाशाकडे करते. त्याच क्षणी दोर तुटला तर 30 मीटरवर, नाक वर आणि वेग शून्याकडे, अशी अवस्था होते. तिला औषध नाही. दोर आणि ग्लायडर यांच्यामध्ये मुद्दाम कमजोर ठेवलेली जी वीक लिंक असते, तिचेही तसेच आहे. क्लबांत सर्रास दिसणारी काळी वीक लिंक 1000 डेकान्यूटनला (एक डेकान्यूटन म्हणजे सुमारे एक किलोचा भार) तुटते, तांबडी 750 ला, पांढरी 500 ला आणि हिरवी 300 ला. यांतली हिरवीदेखील आमच्या यंत्राच्या एकूण वजनाच्या दुप्पट ओढ सहन करते, म्हणजे ती तुटण्याआधी पंखावर काय येईल याचा हिशेब ज्याच्या त्याच्या आराखड्यावर सोडून चालणार नाही. नोंदणीचा क्रमांक शेपटीवर किती सेंटिमीटर उंचीचा असावा, हे ठरवण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ या लिंकच्या ताकदीवर घातला तरी माणसे वाचतील.

ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनने 2005 मध्ये सुरक्षित विंच-लाँचची मोहीम हाती घेतली आणि त्यानंतर तिथले गंभीर अपघात ठळकपणे कमी झाले. त्या मोहिमेत नवे यंत्र काहीच नव्हते. पंख समतोल राहत नसेल तर तत्क्षणी दोर सोडा. जमीन सोडल्यावर वेग मिळेपर्यंत उभे चढू नका. ओढ थांबली तर आधी नाक खाली घ्या, वेग परत आला याची खात्री करा आणि मगच वळण्याचा विचार करा. एवढ्याच गोष्टी पुन्हा पुन्हा घोटून घेतल्या गेल्या. आम्हालाही आमच्या प्रशिक्षकांनी शिकवताना डावा हात सदैव दोर सोडण्याच्या पिवळ्या मुठीवर ठेवायला लावला होता. तो विसरला की खाली उतरल्यावर मैदानाला चक्कर मारावी लागे, आणि नागपूरच्या उन्हात ती शिक्षा पुन्हा विसरू देत नसे.

विमानामागून टो घेण्याचा, म्हणजे विमानाने दोराने ओढून वर नेण्याचा, पर्याय मोठ्या ग्लायडरसाठी उत्तम असला तरी आमच्यासाठी तो सर्वांत कमी सोयीचा आहे. टो देणारे जड विमान ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाने चढते. आमच्या यंत्राला तो वेग सोसवेल किंवा सोसवणार नाही, पण इतक्या वेगाला हलका पंख सारखा वर उसळू पाहतो, आणि ग्लायडर टो-विमानाच्या फार वर गेले तर त्याची शेपूट उचलली जाऊन त्या वैमानिकाचा जीव धोक्यात येतो. हँग ग्लायडरना ओढण्यासाठी मुद्दाम बनवलेली मंद गतीची विमाने परदेशात आहेत. तशी येथे येईपर्यंत या वर्गाला विमानामागच्या टोची परवानगी देऊच नये, असे मी स्वतः एक उत्साही असूनही लिहितो. त्यातच नागपूरच्या मे महिन्याची भर घाला. समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटर उंचीचे हे शहर, पण 45 अंश तापमानात येथील हवा इतकी विरळ होते की विमानाच्या इंजिनाला आणि पंखाला ती सुमारे 1500 मीटर उंचीवरच्या हवेसारखी वाटते.

मोटारीने ओढण्याची पद्धत स्वस्त आहे. लांब, सरळ, रिकामी धावपट्टी, दोराचा ताण दाखवणारा काटा आणि मागे पाहत बसलेला एक जबाबदार माणूस असला की काम भागते, आणि ताण हळूहळू वाढवता येत असल्याने हलक्या यंत्राला ती मानवतेही. आमच्यातील एका तरुण मित्राने समृद्धी महामार्गाकडे बोट दाखवले होते. त्याला गप्प केले आहे. टेकडीवरून रबरी दोराने गलोलीसारखे सोडण्याची रीत 1920 च्या सुमारास जर्मनीत व्हासरकुप्पेच्या डोंगरावर रुजली आणि इंग्लंडच्या लाँग मिंड टेकडीवर ती अजून टिकून आहे, पण तिला सतत वारा झेलणारा मोकळा उतार लागतो. आमच्याकडे रामटेकची टेकडी आहे तर तिच्यावर देवस्थान आहे, आणि त्यापलीकडचे सातपुड्याचे उतार पेंचच्या वाघांचे आहेत. तो पर्याय मी मिटला असे समजतो.

राहता राहिली विजेची मोटर. नाकावर किंवा पाठीवर छोटी मोटर आणि बॅटरी बसवून ग्लायडरने स्वतःच उडायचे आणि वर गेल्यावर मोटर बंद करायची, ही पद्धत जगभर वेगाने पसरते आहे. विंच नको, दोर नको, चार माणसे नकोत. पण मोटर आली की आपल्याकडे ते यंत्र ग्लायडर उरत नाही आणि इंजिनाच्या विमानांच्या रांगेत जाऊन उभे राहते. जे साधन चालकाला पडीक शेतात उतरण्यापासून वाचवू शकते तेच कागदपत्रे दुप्पट करत असेल, तर माणसे ते बसवणार नाहीत. यासाठी रिकाम्या वजनाची मर्यादा मोटरीशिवाय 70 आणि मोटरीसह 120 किलो ठेवून दोन्ही यंत्रे एकाच वर्गात धरावीत. 45 अंशांच्या उन्हात बॅटरी कशी वागते, तिला कुठे आणि किती सावलीत ठेवायचे, याची अट मात्र त्यात असलीच पाहिजे.

प्रशिक्षणाच्या बाबतीत युरोपीय नियमांतील एक कल्पना मला सर्वांत उपयोगी वाटते. तेथे ग्लायडरच्या परवान्यावर लाँचच्या प्रत्येक पद्धतीची स्वतंत्र नोंद असते. विंचसाठी प्रशिक्षकासोबत किमान 10 आणि देखरेखीखाली एकट्याने 5 लाँच. विमानाच्या टोसाठी किंवा स्वतःच्या मोटरीसाठी 5 आणि 5. रबरी दोरासाठी 3. महासंघाने हीच रचना या वर्गाला लावावी. प्रशिक्षकासोबतचे लाँच दोनआसनी ग्लायडरवर, मान्यताप्राप्त केंद्रात व्हावेत, आणि त्यानंतर हलक्या यंत्रावरचे पहिले काही लाँच कमी उंचीचे, म्हणजे 50 मीटरवर दोर सोडून समोरच उतरण्याचे असावेत. विंच चालवणाऱ्याचीही नोंद असावी. ग्लायडरच्या अपघातात लोक नेहमी चालकाचे नाव विचारतात, पण थ्रॉटल ज्याच्या हातात होता त्याने पूर्वी इतके हलके यंत्र कधी ओढले होते का, हे सहसा कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे ही नोंद आणि महासंघाचा सदस्य क्रमांक आहे त्याचे यंत्र नोंदणी आणि वायुयोग्यता प्रमाणपत्रातून मुक्त असावे. धोरणाने उपकरणांची सदस्य-नोंदणी संघटनांकडे सोपवण्याची दिशा दिलेलीच आहे. बांधणीची तपासणी दोन टप्प्यांवर, पंख बंद करण्याआधी आणि पहिल्या उड्डाणाआधी, एखाद्या अनुभवी अभियंत्याने करावी, तेवढे पुरे.

आता जागेविषयी. नागपूरचे सोनेगाव विमानतळ वर्दळीचे आहे, हवाई दलाचे ठाणे शेजारी आहे, आणि तिथे हलकी ग्लायडरे उडवावीत असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. ज्या शहरात 1949 मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करत, त्या शहराला आकाशाच्या वेळापत्रकाची शिस्त कोणी शिकवायला नको. पण विदर्भात चंद्रपूरजवळ मोरव्याला आणि यवतमाळला धावपट्ट्या आहेत. यांपैकी एकीवर, किंवा महसूल विभागाच्या 1200 मीटर लांबीच्या एखाद्या पडीक पट्ट्यावर, फेब्रुवारी ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, शनिवारी आणि रविवारी, ठरलेल्या तासांत आणि जमिनीपासून 1500 मीटरपर्यंत आकाशाचा एक चौकोन राखून ठेवता येईल. जागा निवडताना पुलगावच्या दारूगोळा भांडारापासून आणि कोराडी-खापरखेड्याहून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांपासून दूर राहावे लागेल. शेतात अचानक उतरावे लागणाऱ्या चालकाला तार शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

येथील हवेबद्दलही एक सावधगिरीची सूचना करतो. विदर्भाची काळी जमीन उन्हाळ्यात अशी तापते की थर्मल शोधावेच लागत नाहीत, परंतु एप्रिल-मे मध्ये दुपारी एक ते साडेतीन या वेळात ज्या वावटळी उठतात त्या 70 किलोच्या यंत्राला जमिनीवर उभे असतानाच उलटवू शकतात. या वेळात नवशिक्यांना लाँच बंद असावे आणि उभ्या यंत्राला खुंट्यांनी बांधून ठेवणे सक्तीचे असावे. कापूस निघून गेल्यावर शेते मोकळी असतात खरी, पण उपटून न टाकलेल्या पऱ्हाटीचे खुंट आणि जमिनीच्या भेगा चाकाला घातक असतात. उतरायचेच झाले तर धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, समांतर उतरावे, हे आम्हाला एका शेतकऱ्यानेच शिकवले. त्याच्या शेतात उतरल्यावर नुकसानभरपाई कोणी, किती आणि कोणत्या विम्यातून द्यायची हे नियमांत आधीच लिहिलेले असावे, म्हणजे तो वाद पोलीस ठाण्यापर्यंत जाणार नाही.

राष्ट्रीय धोरणाने 2030 पर्यंत भारताला हवाई क्रीडांत जगातील अग्रगण्य देशांत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या धोरणातील प्रकारांच्या यादीत आमच्या यंत्राला कोणती ओळ मिळते, याचे लेखी उत्तर मला मिळावे. लाँचच्या नोंदींचा मसुदा आम्ही मराठीत आणि इंग्रजीत तयार केला आहे. हलक्या यंत्रासाठी वीक लिंकच्या ताकदीचा हिशेबही त्यासोबत जोडलेला आहे. आपण सांगाल त्या दिवशी तो घेऊन दिल्लीला येण्याची आमची तयारी आहे, आणि आपला एखादा तांत्रिक सदस्य नागपूरला येणार असेल तर डाव्या पंखाचा स्पार त्याला उघडा पाहता यावा म्हणून आम्ही त्यावर कापड चढवण्याचे काम तोवर थांबवून ठेवले आहे. पावसाळ्याआधी कळवल्यास बरे, कारण त्यानंतर शेडमध्ये ओल येते.

आपला नम्र,
एक ग्लायडर-बांधणारा
नागपूर